भिंतीवर बसलेले मॅनेजर

प्रिय सर,

मी गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षांखालच्या मुलांच्या बेसबॉल संघाचा नवा प्रशिक्षक आहे. कागदावर प्रशिक्षक, बेसबॉलच्या भाषेत मॅनेजर, म्हणजे बाकी सगळंच माझ्याकडे. बॅटिंग ऑर्डर लावायची, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा बदलायचा, संध्याकाळी ग्लोव्हज मोजून पेटीत टाकायचे. आधी हा संघ अण्णांनी सांभाळला. मीही त्यांच्याच हाताखाली खेळलो. गुडघ्यांनी त्रास द्यायला लागल्यावर त्यांनी जूनमध्ये संघ माझ्याकडे दिला.

आमच्याकडे प्रेक्षकांची वाण नाही. शाळेच्या भिंतीवर जुने खेळाडू, पालक, टपरीवरची मंडळी बसतात आणि प्रत्येक जण सल्ला देतो. दिवाळीनंतर निमंत्रित संघांची एक स्पर्धा झाली. सकाळी सेमी, दुपारी फायनल. आमचा मुख्य पिचर सोळा वर्षांचा. सकाळी त्याने 52 चेंडू टाकले. फायनलमध्ये पाचव्या इनिंगपर्यंत 41 झाले होते, आम्ही 3-2 ने पुढे होतो. मी त्याला काढलं. 5-3 ने हरलो. भिंतीवरून एकच ओरडा : "पोऱ्याले काबर काढं?" तेव्हापासून बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत मला खेळ शिकवला जातोय. आप्पा म्हणतात, पहिला रनर बेसवर आला की बंटच लाव, म्हणजे बॅटनं चेंडू नुसता जवळ पाडून रनरला पुढं सरकव. दुसरा म्हणतो, स्टील करायला, म्हणजे चोरून पुढचा बेस गाठायला सांग, पोरं ढिली पडलीत. जर्सीचे पैसे देणारे केळीचे व्यापारी म्हणतात, पुतण्याला शॉर्टस्टॉपला, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर, उभा करा. "अण्णा असते तर" हे वाक्य तर रोज ऐकतो. आणि अण्णा रोज खुर्ची टाकून बसतात, एक शब्द बोलत नाहीत. त्याचंच दडपण जास्त येतं. पिचर त्यानंतर दोन दिवस सरावाला आलेला नाही.

सगळ्यांचं ऐकलं तर संघ राहणार नाही, कुणाचंच नाही ऐकलं तर भिंतीवर माणूस राहणार नाही. काय करू?

– नवा मॅनेजर

*

भाऊ,

पिचर काढलात ते बरोबर केलंत. सामना गेला म्हणून ते चूक ठरत नाही, आणि चषक घरी आला असता तर केवळ तेवढ्यानं बरोबरही ठरलं नसतं.

अमेरिकेत मेजर लीग या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगनं आणि तिथल्या बेसबॉल संघटनेनं मिळून वाढत्या मुलांसाठी चेंडूंची मर्यादा आखून दिली आहे. 'पिच स्मार्ट' म्हणतात तिला. 15-16 वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू टाकावेत. दिवसाला म्हणजे सामन्याला नव्हे, सकाळ-दुपार धरून. आणि एका दिवसात 76 किंवा त्याहून जास्त झाले, तर पुढचे चार दिवस त्यानं पिचिंग करायचं नाही. तुमच्या पोराचे 52 आणि 41 मिळून 93 झाले होते. म्हणजे हातात दोन चेंडू शिल्लक. त्यात एक बॅटरसुद्धा धड निघत नाही.

तेव्हा तुमच्यावर बोट ठेवायचंच असेल तर ते काढण्यावर नाही, दुपारी पहिल्या चेंडूपासून त्यालाच लावण्यावर ठेवीन. एकाच दिवशी दोन सामन्यांत एकाच पोरानं पिचिंग करू नये, असंही तीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडच्या स्पर्धा एका दिवसात उरकतात हे मला माहीत आहे. मंडपवाला, पाण्याचा टँकर, पाहुण्या संघांचं जेवण, सगळं एका दिवसाच्या हिशेबात बसवलेलं असतं. ते तुमच्या हातात नाही. सेमीला कोण आणि फायनलला कोण, हे मात्र तुमच्या हातात आहे. त्यासाठी एक सोडून तीन पिचर तयार लागतात, आणि ते काम आजपासून सुरू करायचं.

सोळाव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूची हाडं आणि अस्थिबंध अजून पुरते भरलेले नसतात. तिथं पुन्हा पुन्हा ताण बसला की आधी नुसतं दुखतं, पोरगं सांगत नाही, आणि मग एक दिवस चेंडू बॅटरपर्यंत पोचत नाही. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरावर जी शस्त्रक्रिया केली, तिला आज त्याच पिचरच्या नावानं ओळखतात. मोठ्या लीगमधल्या कितीतरी पिचरना ती करून घ्यावी लागते आणि परत मैदानात यायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. त्यांच्यामागे संघाचे डॉक्टर असतात, पगार चालू असतो. आपल्या पोराच्या बापाला त्यासाठी नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागेल, तीही ऐन कापूस वेचणीत.

आता भिंतीकडे वळू.

तुम्ही हे 52 आणि 41 चे आकडे मला कळवलेत. भिंतीवरच्यांना कळवले होते का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. भिंत दुपारी भरते. सकाळी सेमीला निम्मे लोक शेतात, निम्मे दुकानात. त्यांनी पाहिले ते 41 चेंडू, आणि 41 चेंडूंत चांगला चालत असलेला पिचर काढला तर कोणीही ओरडेल. मीही ओरडलो असतो. ही मंडळी तुमची वैरी नाहीत. त्यांना अर्धा हिशेब माहीत होता, उरलेला अर्धा तुमच्या खिशातल्या वहीत होता.

म्हणून एक साधं काम करा. शाळेतून एक काळी पाटी घ्या, ती भिंतीकडे तोंड करून बाकाला टेकवा आणि बारावा-तेरावा जो पोरगा असेल त्याच्या हातात खडू द्या. प्रत्येक इनिंग संपली की त्यानं आकडा लिहायचा. सकाळचे किती, आताचे किती, एकूण किती. आणि वर ठळक अक्षरात त्या दिवसाची त्याची मर्यादा. बघा, पुढच्या वेळी तुम्ही पिचरकडे चालत निघायच्या आधीच भिंतीवरून कोणीतरी म्हणेल, "आते काढ ना त्याले!" आणि तो सल्ला तुम्हाला मानवेल. शिवाय खडू धरणारं पोर इनिंगभर खेळ बघतं, बाकावर बसून चिंचा खात नाही.

पिचर काढावा की ठेवावा, यावरून मॅनेजरला शिव्या बसायची गोष्ट नवी नाही. दोनच सामने सांगतो. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्यात अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, अंतिम मालिकेचा सातवा सामना होता. आठव्या इनिंगमध्ये बोस्टन 5-2 ने पुढे. पिचर पेड्रो मार्टिनेझ, त्या काळातला बहुधा सगळ्यात भारी पिचर, पण थकलेला. मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्याजवळ गेले, बोलले आणि त्याला तसाच ठेवून परत आले. यांकीजनी 5-5 केलं आणि अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूननं होमरन मारून सामना नेला. पेड्रोचे 123 चेंडू झाले होते. लिटल यांचा करार पुढं वाढवला गेला नाही.

दुसरा सामना 2020 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सहावा. टँपा बेचा ब्लेक स्नेल फेकत होता. नऊ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, अवघे दोन हिट, 1-0 ची आघाडी. सहाव्या इनिंगमध्ये मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला 73 चेंडूंवर काढलं. समोरच्या डॉजर्सनी सामना 3-1 ने जिंकला आणि त्यासोबत विजेतेपदही. कॅश यांना लोक आजही ऐकवतात. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकन लीगचा उत्कृष्ट मॅनेजर म्हणून त्यांचीच निवड झाली. मतं प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या आधी पडली होती म्हणून बरं.

एकानं ठेवला आणि हरला, दुसऱ्यानं काढला आणि हरला. लोक दोघांवरही तुटून पडले, कारण दोन्ही वेळा ते निकाल लागल्यानंतर बोलत होते. निकाल हातात असला की सगळ्यांनाच सगळं दिसतं. हाच धागा धरून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. सल्ला कोण देतो ते फार बघू नका, तो केव्हा देतो ते बघा. चेंडू पडायच्या आधी दिलेला सल्ला ऐका. चेंडू पडल्यानंतरचा सल्ला हा सल्ला नसतोच, ती हळहळ असते. हळहळीला उत्तर द्यायचं नसतं, चहा पाजायचा असतो.

लोकांना आधी विचारलं तर ते खरंच डोकं वापरतात का? वापरतात. यावर एक झकास प्रयोग झालेला आहे. 1951 साली बिल वेक नावाच्या खटपट्या माणसानं सेंट लुइस ब्राउन्स हा संघ विकत घेतला होता. संघ इतका मार खाणारा की त्या हंगामात ते 102 सामने हरले. प्रेक्षक आणायला वेक काहीही करायचा. 24 ऑगस्टच्या रात्री त्यानं हजारावर प्रेक्षकांना एकेक फलक दिला. एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही'. मॅनेजर झॅक टेलर यांना डगआउटजवळ झुलती खुर्ची दिली, पायात सपाता, तोंडात पाइप. निर्णयाची वेळ आली की ब्राउन्सचे लोक प्रश्नाची पाटी उंच धरायचे आणि प्रेक्षक फलक दाखवून कौल द्यायचे.

समोर फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स. पहिल्याच इनिंगमध्ये ब्राउन्सच्या नेड गार्व्हरला मार बसला. प्रश्न आला : दुसरा पिचर तयार करायचा का? आता आपल्या भिंतीवरून काय आवाज आला असता ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या लोकांनी मात्र 'नाही' दाखवलं. मग फर्स्ट आणि थर्डवर रनर असताना विचारलं, इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरना, मागे ठेवायचं का? लोक म्हणाले, हो. ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून चेंडू आला आणि डबल प्ले झाला, दोघं एकदम आउट. गार्व्हर शेवटपर्यंत टिकला, ब्राउन्स 5-3 ने जिंकले. आणि हा गार्व्हर म्हणजे 102 सामने हरणाऱ्या संघातून त्याच वर्षी 20 सामने जिंकलेला पिचर. म्हणजे लोकांना आपला माणूस कळत होता.

यात शहाणपण कुठून आलं? प्रश्न आधी विचारला म्हणून आलं, आणि उत्तर फलक वर करून, चारचौघांत द्यावं लागलं म्हणून आलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणायची सोय त्यात नव्हती.

तुम्ही फलक वाटायला जाऊ नका, संस्थाचालक तुम्हालाच झुलत्या खुर्चीत बसवतील. पण सामन्याच्या आदल्या संध्याकाळी विचारायला काय हरकत आहे? थंडी सुरू झालीच आहे. कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत पार्टी ठरलेली असणार. काड्यांच्या जाळावर वांगी लागली की ती भाजून सोलून होईपर्यंत तास निवांत जातो, आणि त्या तासात खानदेशी माणूस खोटं बोलत नाही. भिंतीवरच्या चार जुन्या खेळाडूंना तिथं गाठा आणि नेमकं विचारा. "संघ कसा वाटतो?" असलं मोघम नको. "उद्याच्या संघाचा डावखुरा बॅटर तुम्ही पाहिलाय, तो कुठं मारतो?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. मोघम प्रश्नाला भाषण येतं.

भिंतीकडे असलेली खरी माहिती कोणती, तेही ओळखून ठेवा. डावपेच त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतात असं नाही. मैदान मात्र त्यांना कळतं. तुमच्या मैदानाच्या मध्ये क्रिकेटची खेळपट्टी असणार, रोलर फिरवून टणक केलेली. डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखल्यावर ती बहुधा पिचरच्या मागं, सेकंड बेसच्या आसपास येते. तिच्यावर पडलेला ग्राउंडर दुप्पट वेगानं सुटतो, आणि तिच्या शेजारच्या काळ्या मातीत पडलेला थबकतो. पावसाळ्यानंतर त्या मातीला भेगा पडतात, चेंडू भेगेच्या कडेला लागला की शॉर्टस्टॉपच्या हनुवटीवर येतो. हे कोणत्याही पुस्तकात नाही, पण ज्या माणसानं त्या मैदानावर दात पाडून घेतलाय त्याला पावला-पावलानं पाठ आहे. दुपारी साडेचारला ऊन फर्स्ट बेसवाल्याच्या डोळ्यांत जातं की लेफ्ट फिल्डरच्या, हेही त्यालाच विचारा.

दुसरी माहिती पोरांची. कोण पहाटे चारपासून केळीच्या बागेत पाणी भरून आलाय, कुणाच्या घरी कालपासून चूल नीट पेटलेली नाही, कुणाचा गुडघा सुजलाय आणि तो लपवतोय. हे पालक आणि टपरीवाले तुमच्याआधी ओळखतात. कोणी सांगितलं की "त्या पोऱ्याकडून आज पळणं व्हणार नही", तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला फर्स्ट बेसवर लावा, नाहीतर बसवा.

आता बंट आणि स्टीलचं. तुमच्याकडचे जुने खेळाडू बेसबॉलचे की सॉफ्टबॉलचे? मला दाट शंका आहे की बहुतेक सॉफ्टबॉलचे. आपल्या भागात पोरांच्या हाती स्लगर, म्हणजे बॅट, आला तो बहुधा सॉफ्टबॉलमुळे, आणि त्याचं प्रेम अजून आटलेलं नाही. पण सल्ला देताना ते सॉफ्टबॉलच्या मापानं बोलतात. तिथं बेसमधलं अंतर 60 फूट, पूर्ण मापाच्या बेसबॉलमध्ये 90. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, बेसबॉलमध्ये तो आधीच चार पावलं पुढं येऊन उभा राहतो आणि पिचर त्याला पकडायला मागं वळून बेसवर फेकू शकतो. म्हणजे स्टील हा दोन्हीकडे वेगळाच धंदा आहे. तुमची पोरं "ढिली" नसतील, त्यांना पिचरच्या पायाकडे बघून निघायचं शिकवलेलं नसेल. स्टीलबद्दलच्या सल्ल्याला मान हलवा आणि पोरांकडून बेस सोडून किती पावलं पुढं यायचं याचा सराव करून घ्या.

बंटचं गणित जरा वेगळं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे वर्षानुवर्षांचे आकडे मांडले तर, एकही आउट नसताना फर्स्टवर रनर असेल तेव्हा त्या इनिंगमध्ये पुढं सरासरी 0.9 च्या आसपास रन होतात. बंट करून रनर सेकंडला पोचवला आणि एक आउट दिला, तर तीच सरासरी 0.7 च्या आसपास उतरते. म्हणजे आउट फुकट देऊन रन वाढत नाहीत, घटतात. म्हणून तिथं हल्ली बंट फारसा दिसत नाही. हे तुम्ही वाचलेलं असेल आणि भिंतीला जुनाट समजून मनात हसत असाल.

पण हसू नका. ते आकडे अशा खेळाडूंचे आहेत की ज्यांच्यातला थर्ड बेसवाला पळत येऊन बंट उचलतो आणि न बघता फर्स्टला सरळ फेकतो. तुमच्या वयोगटात दहांतल्या दोन-तीन फेकी फर्स्टवाल्याच्या डोक्यावरून बाभळीत जात असतील, तर बंट हा त्याग उरत नाही, तो हल्ला होतो. म्हणजे "बंटच लाव" म्हणणारा आप्पा अगदीच चुकीचा नाही, फक्त "च" जास्त आहे. सरावात महिनाभर मोजा. किती बंट केले, किती वेळा समोरच्याची फेक चुकली, किती वेळा पोरानं चेंडू हवेत उडवून दिला. तुमच्या वहीतला आकडा अमेरिकेच्या आकड्यापेक्षा तुमच्या उपयोगाचा. आणि तो आप्पांनाच मोजायला बसवलंत तर फारच उत्तम.

पुतण्याचं थोडक्यात. शॉर्टस्टॉप ही जागा जर्सीच्या बिलावर मिळत नाही. व्यापारी मंडळी व्यवहाराला पक्की असतात, त्यांना सरळ बोललेलं चालतं. गोलगोल बोललेलं चालत नाही. निवड कशावर होणार, ते महिन्याच्या सुरुवातीला लिहून फळ्यावर लावा : सरावाची हजेरी, ग्राउंडर किती उचलले, फर्स्टपर्यंत धावायला किती सेकंद. पुतण्या त्यात बसला तर खुशाल खेळवा. नाही बसला तर फळा बोलेल, तुम्हाला बोलावं लागणार नाही. पालकांचंही तसंच. त्यांना बहुतेक वेळा जागेची नाही, दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांची आणि प्रमाणपत्राची काळजी असते. कोणत्या स्पर्धेचं चालतं, कोणत्याचं नाही, हे नीट चौकशी करून एकदा सगळ्यांना बसवून सांगा. निम्मा आवाज तिथंच बसेल.

अण्णांबद्दल मला जास्त बोलायचंय.

ब्राउन्सच्या त्या रात्री प्रेक्षकांत फलक घेऊन बसलेला एक म्हातारा होता, 88 वर्षांचा. कॉनी मॅक. समोरच्या ॲथलेटिक्स संघाचा 1901 पासून 1950 पर्यंत, सलग 50 वर्षं, तोच मॅनेजर होता. अंगात सूट, हातात गुंडाळलेलं स्कोअरकार्ड, त्याच्या इशाऱ्यानं फिल्डर सरकवायचा. मेजर लीगच्या इतिहासात त्याच्याइतके सामने कोणी जिंकले नाहीत, आणि त्याच्याइतके कोणी हरलेही नाहीत. हरलेले जास्त आहेत. तोच माणूस निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी लोकांत बसून 'हो' आणि 'नाही' दाखवत होता.

तुमचे अण्णा बोलत नाहीत ते रागानं नाही, असं मला वाटतं. ते बोलले तर भिंत त्यांचं ऐकेल आणि तुमचं ऐकणं बंद करेल, हे त्यांना पक्कं कळतं. गप्प बसून ते तुम्हाला जागा देताहेत. पण म्हणून त्यांना खुर्चीत नुसतं ठेवू नका. "अण्णा, मी बरोबर करतोय ना?" असं तर अजिबात विचारू नका, त्या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे आणि ते तुमच्या कामाचं नाही. त्यांना काम द्या. आठवड्यातून दोनदा सगळ्या पोरांना वीस-वीस चेंडू टाकायला लावा, अण्णांची खुर्ची कॅचरच्या मागं जाळीपलीकडे ठेवा आणि त्यांना दुसरा आणि तिसरा पिचर निवडून द्यायला सांगा. असले हात ओळखण्यात जुन्या माणसाचा डोळा चुकत नाही. आणि उद्या दुसरा पिचर मार खाऊ लागला की भिंतीला "अण्णा असते तर" म्हणता येणार नाही. तो पोरगा अण्णांनीच निवडलेला असेल.

अण्णांसारखं वागायचा प्रयत्न मात्र करू नका. ज्या बूननं 2003 साली बोस्टनला रडवलं, त्याला यांकीजनी 2018 च्या हंगामासाठी मॅनेजर केलं तेव्हा त्यानं कुठंही एक दिवस प्रशिक्षक म्हणून काम केलेलं नव्हतं. त्याच्यावरही हेच आलं : आधीचे असते तर, अनुभव काय याला. त्यानं पहिल्याच हंगामात 100 सामने जिंकले, तरी लोक बोलायचे थांबले नाहीत. न्यूयॉर्कची भिंत आपल्यापेक्षा उंच आहे.

आता शेवटचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात भिंत आहे, व्यापारी आहेत, आप्पा आहेत, अण्णा आहेत. ज्याला काढलं त्या पोराबद्दल एकच ओळ आहे : तो दोन दिवस आलेला नाही. तुम्ही त्याला काढताना काय सांगितलंत? बहुधा चेंडू मागितला, पाठीवर थाप मारली आणि संपलं. त्यानं भिंतीवरचा ओरडा ऐकला. त्यातला प्रत्येक माणूस म्हणत होता की तो चांगला टाकत होता, आणि त्याचा मॅनेजर म्हणत होता, बस कर. सोळाव्या वर्षी याचा एकच अर्थ लागतो.

भिंतीला उत्तर देण्याआधी त्याच्या घरी जा. संध्याकाळी जा, बाप शेतातून आल्यावर, म्हणजे दोघांसमोर एकदाच बोलणं होईल. वही सोबत न्या. 52 कुठं झाले, 41 कुठं झाले, 95 म्हणजे काय आणि पुढचे चार दिवस का नाही, हे त्याला स्वतःच्या हातानं बेरीज करून दाखवू द्या. कोपर दुखतंय का, ते विचारा, आणि "नाही सर" म्हणाला तर आतल्या बाजूला बोटानं हलकं दाबून त्याच्या तोंडाकडे बघा. दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय चेंडू हातात द्यायचा नाही, कितीही मोठी स्पर्धा असो. दुखत नसेल तर पुढं कोणत्या दिवशी किती टाकायचे, ते तारखेसकट त्याला लिहून द्या. आणि दुसऱ्या दिवशी सरावाला येताना त्याला पाटी आणि खडू आणायला सांगा. पहिले चार दिवस आकडे त्यानंच लिहायचे, दुसऱ्या पिचरचे.